अर्धा अंश

फर्गस मेल्ड्रमने बाही खांद्यापर्यंत सारली, गुडघे टेकले आणि ओढ्यात हात घातला. पाणी बर्फासारखं होतं. गाळात चाचपडून त्याने एक चेंडू वर काढला. तो त्याचा नव्हता. दुसरा काढला, तोही दुसऱ्याच कुणाचा.

"राहू दे," काठावरून डूगी म्हणाला. "पुढच्या शनिवारी परत यायचंच आहे तुला इथे."

डूगीचं बंदरावर मासळीचं दुकान होतं आणि त्याची जीभ त्याच्या सुरीइतकीच धारदार होती. गोल्फच्या मैदानावर तिसऱ्या होलला हा ओढा आडवा येतो. पलीकडच्या हिरवळीवर डूगीचा चेंडू केव्हाच जाऊन बसला होता.

"सात नंबरच्या काठीनेच मारलास ना?"

"सात नंबरच. पस्तीस वर्षं इथून सात नंबरच मारतोय मी."

"मग आता सहा घे. चेंडू लांब जाईल."

"सहा घेईन त्या दिवशी खेळणं सोडेन."

"त्यापेक्षा माझ्यासारख्या काठ्या घे. चौदा हँडिकॅपच्या, बेताच्या खेळाच्या माणसाने ब्लेड वापरायच्या म्हणजे तलवारीने दाढी करण्यासारखं झालं. मनगट बघ तुझं."

फर्गसने बघितलं नाही. मनगट सुजलंय हे त्याला न बघताही कळत होतं.

त्याच्या लोखंडी काठ्या जुन्या घडणीच्या, ब्लेड म्हणतात तशा होत्या. पातं बारीक, पाठ सपाट. चेंडू अगदी मधोमध लागला तर हाताला कळतसुद्धा नाही, आणि केसभर जरी इकडेतिकडे झाला तर झिणझिण्या कोपरापर्यंत जातात. डूगीच्या काठ्यांच्या पाठीला खळगा होता. वजन मधून काढून कडेला सरकवलेलं, त्यामुळे फटका चुकला तरी त्या चूक पोटात घालतात. आयुष्यभर नळ आणि बॉयलर दुरुस्त केलेल्या त्रेसष्ट वर्षांच्या माणसाने कोणत्या घ्याव्यात, यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. फर्गस दोन वर्षं विचार करत होता.

कारण त्या काठ्या अॅलिक गुथ्रीने दिल्या होत्या.

कोळशाची खाण बंद पडली तेव्हा फर्गस सत्तावीस वर्षांचा होता. काम नव्हतं, घरात तोंड दाखवायची लाज वाटायची, म्हणून दिवसभर किनाऱ्याने भटकत असे. अॅलिक तेव्हा क्लबात काठ्या घडवायचा आणि दुरुस्त करायचा. त्याने एक दिवस कुंपणावरून हाक मारली, एक गडी कमी पडतोय, येतोस का? त्याने स्वतः घासूनपुसून तयार केलेला एक संच फर्गसच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "ही काठी खोटं बोलत नाही, पोरा. बरोबर मारलंस तर तसं सांगेल, चुकलास तर चुकलास म्हणेल. माणसाजवळ असं एखादं तरी असावं." पुढच्या महिन्यात त्यानेच आपल्या चुलतभावाकडे शब्द टाकून फर्गसला नळाच्या कामावर चिकटवलं. फर्गसचं घर, संसार, दारातली गाडी, सगळं त्या एका हाकेतून आलं होतं, आणि हे तो कधी विसरला नव्हता. अशा माणसासमोर खळगेवाल्या काठ्या घेऊन कसं उभं राहायचं?

तशी एकदा खेळ सोडायची वेळ आली होती. पन्नाशीच्या वर्षी चेंडू रोज ओढ्यात जायला लागला, तेव्हा फर्गसने क्लबात सूप पिता पिता जाहीर करून टाकलं की आता पुरे. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. जानेवारीत अॅलिक म्हणाला, "काठ्या ठेवून जा माझ्याकडे. मुठींचं रबर गुळगुळीत झालंय, बदलून देतो." वसंतात चेंडू पुन्हा ओढ्यापलीकडे जाऊ लागला. फर्गसने त्याच वर्षी सिगरेट सोडली होती, त्यामुळे कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. फुप्फुसं मोकळी झाली की खांदे कसे मोकळे होतात, हे त्याने पुढची बारा वर्षं भेटेल त्याला ऐकवलं. त्या कटकटीला कंटाळून शेवटी डूगीनेही सिगरेट सोडली. तेव्हापासून दर जानेवारीत रबर बदलायला काठ्या अॅलिककडे जात. मागच्या दोन हिवाळ्यांत मात्र गेल्या नव्हत्या. आधी अॅलिकचं खुब्याचं ऑपरेशन झालं, मग त्याचे हात कापायला लागले.

"चल," डूगी म्हणाला. "मॉर्व्हेनला नुसतं विचारायला काय जातंय?"

मॉर्व्हेन क्लबचं दुकान सांभाळायची आणि नवख्यांना शिकवायची. वय तिशीचं, बोलणं मोजकं. मागच्या थंडीत तिचा बॉयलर फर्गसनेच चालू करून दिला होता, त्यामुळे तिने त्याला खुर्ची दिली आणि चहाही. डूगी चहा घेऊन बाहेर सिगरेटशिवाय उभा राहिला.

"नव्या काठ्यांशी ताडून बघायला तुमच्या मोजून घेते," ती म्हणाली, आणि सात नंबर तिने यंत्राच्या चिमट्यात अडकवला. काटा स्थिर झाला. तिने काठी काढली, पात्यावरचा आकडा वाचला आणि परत अडकवली.

"फर्गस, ही सात नंबर नाहीये."

"आकडा छापलाय की."

"आकडा सातचा आहे. पातं पाचाचं आहे. आकडा लहान तसं पातं जास्त उभं, चेंडू जास्त लांब. सात नंबरचं असतं त्याहून तुमचं पातं सहा अंशांनी उभं आहे." तिने सहा अडकवला, मग आठ, मग नऊ. "सगळ्याच. सारख्या सहा अंशांनी. या जुन्या ब्लेड मऊ लोखंडाच्या असतात, मानेत वाकतात. तुम्ही कुणाकडून वाकवून घेतल्यात?"

"कुणाकडून नाही."

मॉर्व्हेनने काठी उजेडात धरली. मानेपाशी बारीक बारीक खुणा होत्या. तिने तळावरून अंगठा फिरवला.

"आणि पातं उभं केलं की तळ जमिनीत रुततो, म्हणून तळही कानशीने घासलाय. हाताने. असं काम मी आजवर बघितलं नाही." तिने खुणांवरून नख फिरवलं. "सहा अंश एकदम वाकवले असते तर मान मोडली असती. हे थोडं थोडं केलेलं आहे. वर्षाला अर्धा अंश, फार तर."

फर्गसने कप खाली ठेवला. बारा हिवाळे. दर वर्षी त्याच्या अंगातली ताकद जेवढी कमी होत होती, तेवढी कुणीतरी कडाक्याच्या थंडीत शेडमध्ये बसून, लोखंडी पकडीत काठी धरून, भरून काढत होतं. पहिल्या वर्षीच सहा नंबर घे म्हटलं असतं तर फर्गसने काठ्या ओढ्यात टाकल्या असत्या. आणि म्हातारा बारा वर्षं क्लबातल्या खिडकीशी बसून त्याचं फुप्फुसांवरचं भाषण ऐकत होता, मान डोलवत होता, एकदा तर म्हणालाही होता की तंबाखू वाईटच.

त्याला हसू आलं आणि त्या हसण्याचं मध्येच काहीतरी दुसरंच झालं. मॉर्व्हेनने कपाटात काहीतरी शोधायला घेतलं आणि ते सापडायला तिला बराच वेळ लागला.

"गंमत सांगू?" ती पाठमोरीच म्हणाली. "या नव्या खळगेवाल्या आहेत ना, यांच्यावरही सात छापतात आणि पातं पाचाचं ठेवतात. गिऱ्हाईक खूश राहतं. म्हणजे कोनापुरतं बघितलं तर तुम्ही कधीच याच काठ्यांनी खेळताय."

"याही वाकतात?"

"या ओतीव आहेत. वाकवायला गेलं तर तुटतात. आहेत तशाच राहणार."

बाहेरच्या सरावाच्या जाळीत फर्गसने नव्या सात नंबरने दहा चेंडू मारले. चार चांगले लागले, सहा वाईट, आणि मनगटाला एकाही वेळी कळ आली नाही. आत येऊन तो म्हणाला, "देऊन टाक या." मग जरा घुटमळला.

"हे मोजायचं, वाकवायचं यंत्र जानेवारीत रिकामं असतं का?"

"जानेवारीत इथे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. का?"

"शिकवशील?"

गुरुवारी दुपारी अॅलिक नेहमीप्रमाणे तीन होल खेळायला निघाला. सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस, एका हातात काठी चालायची आणि दुसऱ्यात खेळायची. दोघांच्या पिशव्या फर्गसने घेतल्या होत्या. तिसऱ्या होलला अॅलिकने स्वतःच्या जुन्या ब्लेडने एक छोटा फटका मारला आणि चेंडू ओढ्याच्या अलीकडेच थांबवला. हल्ली तो पलीकडे मारून बघतही नसे. त्याच्या काठ्या मात्र जशा घडवल्या होत्या तशाच होत्या. स्वतःला कसं फसवणार?

मग फर्गसने आपल्या पिशवीतून नवी काठी काढली. पाठीचा खळगा उन्हात चकाकला. त्याने मारलं. चेंडू पात्याच्या टोकाला लागला, वेडावाकडा उडाला आणि पलीकडच्या काठावर जेमतेम जाऊन पडला.

अॅलिकने काठीकडे बघितलं.

"खळगेवाली."

"हो. मनगट फार दुखायला लागलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून दोन वर्षं थांबलो."

"वाईट?" म्हाताऱ्याने रुमाल काढून नाक पुसलं. "दोन वर्षं माझ्या जिवाला घोर लागला होता, तू कधी एकदा घेतोस म्हणून. हे हात बघ. यांनी चहा धरवत नाही आता."

वाकवलेल्या पात्यांचा विषय फर्गसने काढला नाही. वाऱ्याने गवत लोळत होतं आणि टेकडीकडून मेंढपाळाच्या शिट्टीचा आवाज येत होता.

"अॅलिक."

"काय पोरा?"

"मी तुम्हाला कधी थँक्यू म्हणालो का हो? त्या कुंपणावरच्या हाकेबद्दल?"

"पस्तीस वर्षांत पन्नास वेळा. दारू चढली की दरवेळी."

"मग आज न चढता म्हणतो."

म्हाताऱ्याने हात झटकला, पण चेहरा समुद्राकडे वळवला. फर्गसने म्हाताऱ्याच्या पिशवीतला सात नंबर उचलला. मूठ हातात फिरवून बघितली. रबर तसं ठीक होतं.

"हे गुळगुळीत झालंय," तो म्हणाला. "जानेवारीत काठ्या माझ्याकडे ठेवून जा. बदलून देतो."

अॅलिक वळला. त्याने आधी फर्गसच्या तोंडाकडे बघितलं, मग फर्गसच्या हातातल्या काठीच्या मानेकडे, मग ओढ्याकडे. ओढा नऊ पावलं रुंद होता.

"रबर चांगलं लाव," शेवटी तो म्हणाला. "आणि किती अंश, ते मला सांगू नकोस."