भिंतीकडे तोंड

धर्मपाल बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या शाळेत मास्तर होता, पन शिकवायचं कसं हे त्याले कोणीच शिकवलं नोतं. म्हणून त्याले यवतमाळच्या शिबिरात पाठवलं. पहिल्याच दिवशी तिथं शिकवाले आलेल्या झरीकडच्या बाबाराव गुरुजींनं सारा पाठ कोलामीत, म्हणजे कोलाम आदिवासींच्या बोलीत घेतला. समोरच्या मास्तरायले एक शब्द समजला नाई. मंग गुरुजींनं धर्मपालले उठवून कोलामीतच प्रश्न विचारला. तो खाली मान घालून उभा राह्यला.

"काहून गा, मुका आहेस का?" गुरुजी आता मराठीत बोलले. "जा, भिंतीकडे तोंड कर."

सारे हसले. भिंतीजवळ गेल्यावर धर्मपालले त्याच्या शाळेतली भुरी आठवली, अन् त्याचे कान तापले. भुरीच्या घरी बंजाऱ्यांची गोरबोलीच बोलत. वर्गात ती तोंड उघडत नोती म्हणून तो तिले रोज असाच भिंतीकडे उभी करे. शिबिराले निघताना तर तिच्या मायले सांगून आलता, "धनीबाई, पोरगी मुकी आहे. शाळेत पाठवू नका."

शिबिर संपल्यावर तो आधी धनीबाईच्या दारात गेला. भुरी अंगणात बकरीच्या पिल्लाशी सारखी बडबडून राह्यली होती.

"काय मास्तर," धनीबाई म्हणाली, "मुकीले पाहाले आले?"

"नाई बाई. तिले शाळेत पाठवा. मलेच तिची बोली येत नोती."

आवाज ऐकून भुरीनं वळून पाह्यलं. मास्तर दिसताच ती चूप झाली, अन् उठून घराच्या भिंतीकडे तोंड करून उभी राह्यली.