टिकलीचं वेत

थोरलीने हवालदाराला डाव्या काखेत घट्ट धरलं, उजव्या हाताने जावेच्या दाराची कडी वाजवली आणि वाजवताक्षणीच ती पस्तावली. हवालदार म्हणजे तिचा राखाडी नर ससा. रोज संध्याकाळी पिंजऱ्याच्या चारही कोपऱ्यांत गस्त घालून मगच आडवा व्हायचा, म्हणून हे नाव. आत्ता मात्र तो शालीखाली मुकाट बसला होता.

दार उघडलं. धाकटीने आधी जावेकडे पाहिलं, मग शालीतून वर आलेल्या दोन कानांकडे.

"बोला ताई."

"काही नाही गं. पाण्याची टाकी भरली का, ते बघायला आले."

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात थोरलीचा हात कुणी धरला नसता. पण आजच्या भांड्याला कान होते, आणि ते हलत होते.

"टाकी गच्चीवर आहे," धाकटी म्हणाली. पण तिने दार लावून घेतलं नाही.

दोघींचे नवरे सख्खे भाऊ, एकाच मालवाहू जहाजावर कामाला. वर्षातले सात-आठ महिने घरात या दोघीच. खाली थोरली, वर धाकटी. खालच्या पुढच्या खोलीत थोरलीचं शिवणाचं मशीन होतं आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचे ससे. वर्षभरापूर्वीपर्यंत धाकटी दिवसातून चारदा खाली यायची. आता ती शेडकडे फिरकतही नव्हती. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर बरं झालं असतं, असं थोरलीला पुष्कळदा वाटायचं. भांडणातला शब्द मागे तरी घेता येतो.

झालं होतं ते इतकंच. एका वेताची पिल्लं निवडायची होती. धाकटी नेहमीसारखी शेजारी बसून एकेक पिल्लू उचलून दाखवत होती आणि थोरली मशीनवरच्या सवयीने भराभर सांगत होती.

"हे ठेवायचं. हे द्यायचं, पंजा पांढरा आहे. हे ठेव. नाकावर पांढरं, द्यायचं. हेही द्यायचं."

दोन टोपल्या होत्या. एक ठेवायच्यांची, एक देऊन टाकायच्यांची. अंगावर कुठे पांढरा डाग दिसला की पिल्लू दुसऱ्या टोपलीत. वंश चोख ठेवायचा तर हेच करायला हवं, असं थोरली पहिल्यापासून मानत आली होती. पिल्लं धाकटी उचलत होती, आणि तिच्या बोटांवर, मनगटांवर त्याच सुमारास कोडाचे पांढरे डाग उमटायला लागले होते. थोरलीच्या ते लक्षातही आलं नाही. शेवटचं पिल्लू कपाळावर पांढरा ठिपका असलेलं होतं. ते धाकटीने कुठल्याच टोपलीत टाकलं नाही. ती उठली, पिल्लू पोटाशी धरलं आणि जिना चढून वर गेली. त्या पिल्लाचं नाव तिने टिकली ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून धाकटी बोटांच्या पेरांपर्यंत लांब बाह्या घालायला लागली. ऐन उन्हाळ्यातसुद्धा. आणि घरात शिवणारी जाऊ असताना तिने कपडे बाहेरून शिवून आणले. ते दोरीवर वाळत पडले की थोरलीला खालून दिसायचे. शिलाई वाईट होती, खांद्यात चुणी पडलेली. ती चुणी पाहिली की थोरलीला आपण काय करून बसलो ते कळायचं, आणि त्यावर काय बोलावं ते मात्र कधीच कळायचं नाही.

"आत या," धाकटी म्हणाली. "त्याला गुदमरायला होईल."

थोरली आत आली. कोपऱ्यात पिंजरा होता, स्वच्छ, खाली कोरडं गवत. टिकली आता अंगाने भरली होती. तिने हवालदाराला पाहिलं आणि मागचा पाय जमिनीवर धाडकन आपटला.

"ताई, मादी नराकडे न्यायची असते. नराला मादीच्या घरात नेलं तर ती बोचकारते. तुम्हीच शिकवलंय मला."

"हो गं. पण तुला खाली ये म्हणायला तोंड कुठलं होतं मला?"

हे वाक्य थोरलीने जिन्यात घोकलं नव्हतं. ते आपसूक आलं. धाकटीने एक स्टूल पुढे सरकवलं.

मग थोरलीने सगळं सांगितलं. निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या सशाचं वेड धाकटीला माहीत होतंच. लग्नाआधी एका प्रदर्शनात थोरलीने तसा ससा पाहिला होता. मालकाने पिंजऱ्यावरचं कापड क्षणभर उचललं आणि परत टाकलं, एवढंच. पांढऱ्या सशाचे डोळे लाल असतात हे तिला ठाऊक होतं. पण त्या पांढऱ्यात निळं होतं, आणि ते निळं तिच्याकडे बघत होतं. तेव्हापासून ती ते शोधत होती. दोनदा तिच्याकडे पांढरी पिल्लं निघाली. दोन्ही वेळा डोळे उघडले ते लाल. दोन्ही वेळा ती शेडमध्ये बसून रडली होती आणि विचारल्यावर कांदा चिरत होते म्हणून सांगितलं होतं.

"काल डॉक्टरीणबाई आल्या होत्या, सशांच्या लसीला," ती म्हणाली. "त्यांना सांगितलं, मी डागाचं एक पिल्लू ठेवत नाही, तरी निळा काही येत नाही. तर हसायलाच लागल्या. म्हणाल्या, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? निळा डोळा त्या डागवाल्यांच्यातच असतो. एकाकडून आला तर नुसता पांढरा ठिपका, पांढरा पंजा. आई-बाप दोघांकडून आला तर सगळं अंग पांढरं आणि डोळे निळे. मी इतकी वर्षं निळाच वेचून वेचून बाहेर काढत होते."

"आणि हा?" धाकटीने हवालदाराकडे बोट केलं. "याला कुठे डाग आहे?"

थोरलीने त्याचं तोंड खिडकीकडे वळवलं. तपकिरी डोळ्याच्या पार कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा निळा कण होता.

"त्यांनीच दाखवला. अंगावर डाग नसला तरी हीच खूण, म्हणाल्या. रोज मांडीवर घेऊन बसते याला, मला दिसला नव्हता. काखेत कळसा नि गावाला वळसा."

धाकटी बराच वेळ तो कण बघत राहिली. मग तिने पिंजऱ्याचं दार उघडलं, टिकलीला उचलून खांद्याशी घेतलं आणि ती जिन्याकडे निघाली.

"चला खाली. रीत ती रीत."

टिकली महिन्याने व्याली. वर, आपल्या पिंजऱ्यात, छातीचे केस उपटून केलेल्या मऊ घरट्यात. धाकटी जिन्यावरूनच ओरडली आणि थोरली कुणाच्या तरी परकराचा अर्धा घेर मशीनखाली तसाच सोडून धावली. सात पिल्लं. चार सावळी, दोन सावळ्या अंगावर गुलाबी पट्ट्यांची. आणि एक नखशिखान्त गुलाबी, कुठेही काळपट छटा नसलेलं.

"हे पांढरं होणार ना?" धाकटीने विचारलं.

"पांढरं होणार. पण लाल की निळं, ते डोळे उघडल्यावर. दहा-बारा दिवसांनी."

"डॉक्टरीणबाई काही म्हणाल्या नाहीत? आधी ओळखायचं कसं ते?"

"म्हणाल्या. मिटल्या पापणीतून काळपट दिसलं तर निळा, गुलाबी दिसलं तर लाल. पण मला नाही बघायचं." थोरलीने चक्क पाठ फिरवली. "दोनदा तोंड पोळलंय. आता ताकसुद्धा फुंकून पिणार. घरटं तूच तपासत जा. आणि काही दिसलं तरी मला सांगायचं नाही."

"बरं."

मग रोज सकाळी थोरली वर यायची, पिंजऱ्याकडे पाठ करून स्टुलावर बसायची आणि धाकटी घरट्यात हात घालून सांगायची. सातही ऊबदार आहेत. सातही प्यायलेली आहेत, पोटं टम्म आहेत. एक जरा बारीक आहे, पण वळवळतंय. थोरली समोरच्या भिंतीला विचारायची, "ते पांढरं?" आणि मागून उत्तर यायचं, "झोपलंय." घरट्यात हात घालायचा म्हणून धाकटी बाह्या वर दुमडून घ्यायची, हे पाठमोऱ्या थोरलीला दिसत नव्हतं. ऐकू मात्र सगळं येत होतं. धाकटी पिल्लांशी अखंड बोलायची. वर्षभरात तिचं इतकं बोलणं थोरलीच्या कानांवर पडलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर काही सकाळी ती सशापेक्षा त्या बोलण्यासाठीच जिना चढायची.

एका सकाळी मागून आवाज आला, "ताई, वळा."

"नको."

"वळा म्हणते ना."

थोरली वळली. धाकटी खिडकीत उभी होती. ओंजळीत पिल्लू होतं, आता मऊ पांढऱ्या लवेने भरलेलं, मुठीएवढं. त्याचा एक डोळा अजून चिकटलेला होता. दुसरा उघडा होता.

तो निळा होता. फिकट नव्हे, राखाडी नव्हे. त्या एवढ्याशा पांढऱ्या जिवात कुणीतरी आत दिवा लावून ठेवावा तसा निळा. पिल्लाने उजेडाकडे पाहिलं. मग खिडकीकडे, मग थोरलीकडे. त्याला अजून नीट दिसतही नसेल. पण जगात पहिल्यांदा काही दिसायला लागलं की कुणी असंच बघत असेल, असं थोरलीला वाटलं, आणि तिचे हात आपोआप जोडले गेले. इतक्या वर्षांत या क्षणी आपण काय बोलू याच्या तिने कितीतरी तालमी केल्या होत्या. त्यांतलं एकही वाक्य आठवेना. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, आणि असा डोळा उघडलेला असताना लोक सायकली कशा चालवतात, याचं तिला नवल वाटलं.

दुसरी पापणी सुटायला लागली तशी दोघी एकमेकींना डोकी लावून उभ्या राहिल्या. तोही निळाच.

"मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं," धाकटी हळूच म्हणाली. "पापणीतून काळपट दिसत होतं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"तुम्हीच सांगू नको म्हणालात. आणि तुमच्याआधी मी बघितलं असं व्हायला नको होतं."

थोरलीने पदराने नाक पुसलं. आज कांद्याचं नाव तिने घेतलं नाही. ती घरट्यावर वाकली. पट्टेवाली दोन्ही पिल्लं शेजारीशेजारी झोपली होती, एकाचा पंजा पांढरा, एकाच्या कपाळावर आईसारखाच ठिपका. तिने त्यांच्यावर गवत नीट सारलं.

"सातही ठेवायची," ती म्हणाली. "टोपली एकच."

दुपारी ती मशीनवर बसली होती, तेव्हा धाकटी खाली आली. हातात कापड होतं. ते तिने मशीनच्या फळीवर ठेवलं आणि उगाचच त्याची घडी सारखी केली.

"शिवाल? बाहेरची शिलाई खांद्यात चुकते."

"दिसते ती," थोरली म्हणाली. तिने गळ्यातली मापाची पट्टी काढली. खांदा मोजला, छाती मोजली. मग पट्टीकडेच बघत विचारलं, "बाही?"

"आखूड."

धाकटीने बाही वर सारली आणि हात पुढे केला. पांढरा रंग आता मनगटावरून कोपराच्या पुढे गेला होता, कडा सावळ्या, मधलं सगळं लख्ख. थोरलीने पट्टीचं टोक खांद्यावर धरून दंडावर बोट ठेवलं. धाकटीने ते बोट आणखी वर सरकवलं.

खिडकीतून उजेड येत होता. मनगटाच्या त्या पांढऱ्या कातडीखालून एक बारीक शीर वर चढत गेली होती. निळी.

"झालं मोजून?" धाकटीने विचारलं.

"थांब जरा," थोरली म्हणाली. "मला बघू दे."