तिसरी काडी

दोराला शार्क लागला की तो दिवस फुकट गेला असं समजायचं. बर्फाला भोक पाडून सातशे मीटर खोल दोर सोडायचा, त्याच्या दीडशे गळांना हॅलिबट मासे लागायचे, आणि हा आळशी गडी ते आयते खाऊन स्वतःलाच दोरात गुंडाळून घेणार. मार्चमधल्या त्या बुधवारी मी दोन तास हातानं रहाट फिरवला. आधी हॅलिबटची नुसती डोकी वर आली. मग सहा धड मासे आले. आणि शेवटी भोकात शार्कचं ते करडं थोबाड दिसलं, तेव्हा मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

एरवी मी दोर कापून त्याला सोडून दिलं असतं. पण अकरा कुत्र्यांचं खाणं संपत आलं होतं आणि त्या हिवाळ्यात सील मिळतच नव्हते. म्हणून मी दोन मोठे तुकडे तोडून कुत्र्यांच्या घसरगाडीवर टाकले आणि घरी आणले.

माझ्या नवऱ्याची, निकोलायची, उजव्या हाताची तीन बोटं आदल्या वर्षी थंडीनं गेली. तेव्हापासून दोर, कुत्री, गाडी सगळं माझ्याकडे आलं. गाव काय बोलायचं ते बोललं. घरात बोलायला सासू होतीच. रेगिने तिचं नाव, वय एक्याऐंशी. गाडीवरचा शार्क बघून ती म्हणाली, "बोलेट्टे, तुझ्या हाताला बरे असलेच लागतात."

मी म्हटलं, "असले हात तुमच्या मुलाला असते तर त्याची बोटं शाबूत असती." बोलून गेले आणि लाज वाटली. पण शब्द परत घ्यायची मला सवय नाही.

त्या दिवसांत घरात एकच विषय होता, रेगिनेला वृद्धाश्रमात ठेवायचं की नाही. जानेवारीत ती चुलीवर मासा ठेवून बाहेर पडली होती आणि नुसत्या मोज्यांवर बर्फातून चालत तिच्या लहानपणीच्या घरी गेली होती. तिथे आता दुसरेच लोक राहतात. त्यांनी तिला कॉफी पाजून परत आणलं. निकोलायनं वृद्धाश्रमात नाव घालून ठेवलं. ईस्टरला एक खोली रिकामी होणार होती. असंच पुन्हा काही झालं तर आई तिकडे जाईल, असं त्यानं तिच्या तोंडावर सांगितलं होतं.

म्हणून शार्क बघितल्यावर ती लगेच पुढे झाली. हे मी शिजवते, तुमच्यापैकी कुणी हात लावायचा नाही, म्हणाली. निकोलाय कचरला. ताज्या शार्कचं मांस म्हणजे विष. कुत्र्यांना ते चढतं, पाय लटपटतात, कधी कधी मरतातही. वाळवायला आमच्याकडे वेळ नव्हता. म्हणजे ते तीनदा उकळायचं, प्रत्येक वेळचं पाणी लांब नेऊन ओतायचं, आणि तिसरं पाणी ओतल्यावरच कुत्र्यांपुढे टाकायचं. विसरणाऱ्या माणसाच्या हाती द्यायचं काम नव्हे.

"मी सहा वर्षांची होते तेव्हापासून करतेय," रेगिने म्हणाली. "हे चुकलं तर मी स्वतःच बोचकं बांधीन. आणि नाही चुकलं तर त्या खोलीचं नाव काढायचं नाही."

निकोलाय बरं म्हणाला.

तिची मोजायची पद्धत आईकडून आलेली होती. घरामागच्या शेडमध्ये, स्टोव्हच्या वरच्या खिडकीत आगपेटीच्या तीन काड्या ओळीनं मांडायच्या. एक पाणी ओतलं की एक काडी उचलून एप्रनच्या खिशात टाकायची. खिडकी रिकामी झाली की मांस तयार. डोक्यावर भरवसा ठेवायचाच नाही. गुरुवारी सकाळी तिनं काड्या मांडल्या आणि मला बोलावून दाखवल्या. मी हो हो केलं.

दुपारी मी शेडमध्ये गेले तेव्हा खिडकीत दोन काड्या होत्या. दुसरं पाणी उकळत होतं, मुतारीसारखा वास सुटला होता, आणि ती पाण्यासाठी बाहेर ताजा बर्फ भरून आणायला गेली होती. दिवसभर फाटका दोर शिवून माझी बोटं सोललेली होती. सिगरेट काढली, तर माझ्या खिशातली पेटी ओली. मी खिडकीतली एक काडी उचलली आणि सिगरेट पेटवली. घरातून दुसरी आणून ठेवू, असं मनात म्हटलं. तेवढ्यात निकोलायनं हाक मारली, एक कुत्री साखळीतून सुटली होती. तिच्या मागे धावता धावता मी काडी विसरले.

मी विसरले. म्हातारी नाही.

तिनं दुसरं पाणी ओतलं, उरलेली काडी खिशात टाकली, खिडकी रिकामी बघितली आणि संध्याकाळी कुत्र्यांना मांस घातलं. मला आत येऊन म्हणाली, "झालं हो सूनबाई. जा, बघून ये." तिचा चेहरा इतका खुललेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मी गेले नाही. सहा हॅलिबटपैकी एकाचं कालवण तिनंच केलं, कांदा आणि तांदूळ घालून, आणि आम्ही तिघं पोटभर जेवलो.

शुक्रवारी सकाळी कुत्री उभी राहीनात. काही चार पावलं जाऊन कोसळत होती, काहींच्या तोंडाला फेस होता. म्होरक्या तुलू सर्वांत जास्त खाणारा, तो आडवा पडून पाय झाडत होता. दुपारपर्यंत तो गेला. बाकीची हळूहळू शुद्धीवर आली.

निकोलाय तुलूपाशी बराच वेळ बसला. मग आत आला आणि आईच्या एप्रनच्या खिशात हात घातला. त्यानं दोन काड्या टेबलावर ठेवल्या.

"तिसरी कुठाय, आई?"

रेगिनेनं खिसा उलटा केला. मग दुसरा. मग टेबलाखाली वाकून बघितलं. मग तिनं माझ्याकडे बघितलं, आरोपानं नव्हे, आधारासाठी बघतात तसं. मी चुलीकडे तोंड केलं आणि झाकण नसलेलं भांडं झाकायला लागले.

का बोलले नाही? आधी घाबरले. तुलू मी मारला, हे कोणत्या तोंडानं सांगणार होते? आणि खरं सांगायचं तर मला हायसंही वाटलं. सोळा वर्षं मी तिचे टोमणे ऐकले होते. एक खोली मोकळी होईल, सकाळी कुणी माझ्या हाताकडे बघणार नाही, असं मनात येऊन गेलं. ते आलं, हे मी नाकारत नाही.

तिनं शब्द पाळला. शनिवारी बोचकं बांधायला घेतलं. एक टोमणाही मारला नाही. फक्त मधेच उठून शेडमध्ये जायची आणि जमिनीवर चाचपत बसायची. रविवारी चर्चला निघताना मी तिला तिथे गुडघ्यांवर बघितलं, स्टोव्ह हलवून त्याच्याखाली बघत होती. तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मी निकोलायला बाहेर नेलं आणि सगळं सांगितलं, सिगरेट, ओली पेटी, सुटलेली कुत्री.

मग त्यानं आपला बोटं गेलेला हात माझ्या खांद्यावर ठेवला.

"तू चांगली आहेस," म्हणाला. "पण तिला वाचवायला असं काही रचू नकोस. खरं असतं तर शुक्रवारीच बोलली असतीस. तू गप्प बसणारी नाहीस, मला माहीत आहे."

मी शपथ घेतली, रडले, भांडले. जितकं रडले तितका त्याचा विश्वास पक्का झाला, मी सासूसाठी खोटं बोलतेय हा. मग मी रेगिनेसमोर बसले आणि तिलाही सांगितलं. ती हसली. "सोळा वर्षांत माझ्या बाजूनं एक शब्द बोलली नाहीस," म्हणाली, "आता जाताना कशाला सुरुवात करतेस?"

ईस्टरला ती गेली. खोली चांगली आहे, खिडकीतून खाडी दिसते. आता मी दर रविवारी हॅलिबटचं कालवण घेऊन जाते. ती थोडं खाते, मीठ कमी पडलं म्हणते. या वर्षात तिचं विसरणं फार वाढलंय. तुलू गेला हे तिला आठवत नाही, शार्कही आठवत नाही. माझं नाव कधी आठवतं, कधी नाही. पण वाटी खाली ठेवली की माझ्याकडे वाकून हळूच विचारते, "तिसरी सापडली का गं?"

"मी घेतली होती, आई," मी सांगते. "सिगरेटसाठी."

"हो का," ती म्हणते आणि हुश्श करून मागे टेकते. तेवढ्यापुरती ती सुटते. पुढच्या रविवारी पुन्हा विचारते.