मागावरचा ताणा

माझ्या वडिलांना, अप्पांना, जाऊन बावीस दिवस झाले होते. दुपारी आमच्या टॉवेलच्या कारखान्यातच माझा डोळा लागला आणि ते मागांमधून चालताना दिसले. माग चालू होते, पण आवाज नव्हता. पांढरे टॉवेल पाण्यासारखे वाहत होते.

"तो परदेशी अध्यक्ष आपल्या देशाला मित्र म्हणतो, आणि आपल्याच मालावर कर वाढवतो?" मी विचारलं.

"अगं, त्याची निवडणूक आलीय. लेकी बोले, सुने लागे. रागावतो आपल्यावर, ऐकवतो त्याच्या मतदारांना."

"मग निवडणुकीनंतर?"

अप्पा वाकून एक तुटलेला धागा जोडू लागले.

जाग आली तेव्हा आमचे जुने विणकर नरसय्या मागावरच्या उभ्या धाग्यांपाशी, ताण्यापाशी, कात्री घेऊन उभे होते. त्या करामुळे परदेशी ऑर्डर थांबली होती, आणि माग विकत घेणारा चार वाजता येणार होता.

"अक्का, ताणा कापू काय? ठेवला, तर त्याच टोकांना नवं सूत गाठ मारून जोडता येतंय. कापला की एकेक धागा पहिल्यापासून मागात भरायचा."

मी फोन हातात घेतला.

"राहू द्या. माग घेणाऱ्यांना येऊ नका म्हणून कळवते. तिकडचं मतदान होईपर्यंत थांबू."

नरसय्यांनी कात्री खिशात घातली. "मग त्या अध्यक्षाला एक टॉवेल पाठवा की, अक्का. प्रचारात लई घाम येत असंल."