तळ्याला वळसा

आमच्या वस्तीत पत्ता सांगायचा तर आधी नसलेल्या गोष्टी सांगाव्या लागतात. वखारीपाशी उतरा, साबणाच्या कारखान्यामागे वळा, मग तळ्याच्या काठाकाठाने या. वखारीच्या जागी आता बँक आहे, कारखान्याच्या जागी दवाखाना, आणि तळं बुजवून मैदान केलं त्यालाही तीसेक वर्षं झाली. राजधानीहून येणारे पाहुणे हा पत्ता ऐकून हात टेकतात. टेकू देत. राजधानी तासाभरावर आहे म्हणून आम्ही तिच्या घाईत कशाला पडायचं?

त्या रविवारी माझा थोरला भाऊ, दादा, आईला कायमचं राजधानीत न्यायला आला होता. कारण काय, तर शेजारच्या शिंपीणबाईंनी त्याला फोन केला होता. आई रोज दुकानात जाताना रिकाम्या मैदानाला अख्खा वळसा घालून जाते म्हणे. शिंपीणबाई वस्तीत नव्या. त्यांना काय माहीत? पण दादाने ताडलं की आईचं डोकं ठिकाणावर नाही. डॉक्टरची वेळ घेतली, चौदाव्या मजल्यावरची खोली झाडून घेतली आणि आल्या आल्या आईची बॅगही भरली.

मी म्हटलं, अरे, इथले सगळे जुने लोक तसेच जातात, मीसुद्धा. त्यावर तो म्हणाला, तुम्ही दोघी एकाच माळेचे मणी. धाकटीचं ऐकायची पद्धत आमच्या घरात कधी नव्हतीच.

आई वाद घालत बसली नाही. वरून काय दिसतं, एवढंच तिने विचारलं. सगळं शहर दिसतं, दादा म्हणाला.

"सगळं घेऊन मी काय करू?" आई म्हणाली आणि खिडकीत जाऊन बसली.

याच खिडकीत ती संध्याकाळी बाबांची वाट बघायची. शेवटच्या बसने बाबा राजधानीहून यायचे. त्यांच्या बॅटरीचा उजेड काठाकाठाने सरकत यायचा, आणि तो तळ्यावरच्या पंपघरापाशी पोचला की आई ताटं घ्यायची. दादा पुढे पळायचा. काठाच्या कोपऱ्यावर एक उघडी मोरी होती, ती ओलांडायला बाबा त्याचा हात धरायचे. मला मात्र उचलून घ्यायचे. ते दिवस मला फार आठवतात.

दादा टॅक्सी आणायला निघाला. एरवी तो स्वतःच्या गाडीतून मागच्या रस्त्याने येतो आणि तसाच जातो. आज गाडी दुरुस्तीला होती. टॅक्सीचा थांबा मैदानापलीकडे, खिडकीतून दिसेल असा. सरळ गेलं तर दोन मिनिटांची वाट.

फोन कानाला लावून तो कुणावर तरी खेकसत चालला होता. मैदानाच्या कडेला आला आणि डावीकडे वळला. कडेकडेने पंपघराच्या जागेपर्यंत गेला. कोपऱ्यावर, जिथे आता गुळगुळीत फरशी आहे, तिथे त्याने पाय उंच उचलून लांब टांग टाकली. बोलणं चालूच होतं.

आईला आता लांबचं नीट दिसत नाही. तिने मला विचारलं, "काठाने गेला ना?"

"हो."

"मग त्याचीही वेळ घ्या डॉक्टरकडे."

मी हसले, पण डोळे भरून आले होते.

बऱ्याच वेळाने दादा परत आला, चालत, काठानेच, आणि एकटा. उंबऱ्यावर बसून बूट सोडू लागला. टॅक्सीचं काय झालं, मी विचारलं. नाडीची गाठ सोडवतच तो म्हणाला,

"टॅक्सीवाला म्हणाला, सरळ मैदानातून घेतो. मी त्याला म्हटलं, नको, तिथे पाणी आहे."

"खोल आहे तिथे," आई म्हणाली. तिने बॅग उघडली आणि आपली लुगडी एकेक करून कपाटात परत ठेवायला घेतली. दादा उठला आणि तिच्या हातात एकेक घडी देऊ लागला.