डेल्मर प्रूइटचा ठराव

आपली मुलं शाळेत काय शिकतात हे बहुतेक आईबापांना जेवताना कळतं, आणि तेही अर्धवट. डेल्मर प्रूइटला ते उकडलेला घेवडा आणि मक्याचा पाव खाता खाता कळलं. त्याची पंधरा वर्षांची लेक लिआना जीवशास्त्राचं पुस्तक ताटाशेजारी उघडून बसली होती.

"काय वाचतेस?"

"उत्क्रांती. शुक्रवारी चाचणी आहे."

"म्हणजे माकडापासून माणूस?"

"माकडापासून नाही, डॅडी. माकडांचे आणि आपले पूर्वज फार मागे एकच होते, असं."

"तुझे पूर्वज मला ठाऊक आहेत. सगळे आपल्या चर्चमागे पुरलेत. एकालाही शेपूट नव्हती."

एरवी लिआना हसली असती. आज तिने नुसतं पान उलटलं.

"आणि तुला काय वाटतं? आपल्याला देवाने घडवलं की नाही?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

ते 'माहीत नाही' डेल्मरच्या काळजात काट्यासारखं रुतलं. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको ऱ्होडा कर्करोगाने गेली. शेवटच्या दिवसांत तिने त्याच्याकडून एकच वचन घेतलं होतं, की पोरीचा देवावरचा विश्वास सुटू द्यायचा नाही. आणि इथे शाळेतलं एक पुस्तक तो विश्वास त्याच्या जेवणाच्या टेबलावरून उचलून नेत होतं, असं त्याला वाटलं.

डेल्मर काही साधासुधा पालक नव्हता. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या डोंगरातल्या आमच्या हार्लो फोर्क गावात त्याचं टायरचं दुकान होतं आणि शाळा मंडळावर तो निवडून आलेला होता. पुढच्याच बैठकीत त्याने ठराव मांडला. विज्ञानाच्या तासाला उत्क्रांती शिकवायची असेल, तर देवाने सृष्टी निर्माण केली हेही तितकाच वेळ शिकवावं. मंडळाच्या वकिलाने सांगून पाहिलं, की सरकारी शाळेत असं शिकवायला न्यायालयांनी केव्हाच मनाई केलेली आहे, खटला उभा राहील. "राहू दे," डेल्मर म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मतदान पुढच्या महिन्यावर ठेवलं गेलं, आणि तोवर दुकानात येणारा प्रत्येक जण त्याची पाठ थोपटू लागला.

एक बाई मात्र पाठ थोपटायला आली नाही. कोरीन ॲशबी, शाळेत जीवशास्त्र शिकवणारी. ती आणि डेल्मर एकाच वर्गात शिकलेले.

"शिकवायचं मला आहे," ती म्हणाली. "मला विचारलंस तरी का?"

"तू नाहीच म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. पण का, ते तरी ऐकलं असतंस. असं कर, रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये मी तास घेते. शाळा नाही, त्यामुळे वकिलाची कटकट नाही. ज्यांच्या घरून परवानगी असेल ती मुलं येतील. तुझा ठराव मंजूर झालाय असं धरून शिकवते. पण विज्ञान जसं रोज शिकवते, तसंच."

"टिंगल करायची नाही."

"त्याच चर्चमध्ये दर रविवारी मी पियानो वाजवते, डेल्मर. टिंगल कुणाची करू, माझीच?"

रविवारी हॉल भरला. मुलं पुढे, मोठी माणसं मागे. डेल्मरशेजारी चर्चचे निवृत्त पाळक ब्रदर हॉलिस वीम्स बसले होते. ऱ्होडाच्या दफनाची प्रार्थना त्यांनीच म्हटली होती.

कोरीनने ओढ्यातले दगड मुलांच्या हाती दिले. दगडांत शिंपल्यांचे ठसे होते. "समुद्र इथून शेकडो मैल दूर," ती म्हणाली. "मग डोंगरात शिंपले आले कसे?"

"फार पूर्वी इथे समुद्र होता," एक मुलगी म्हणाली. कोरीनने ते फळ्यावर लिहिलं.

"महापूर आला होता. बायबलातल्या नोहाने तारू बांधलं तेव्हा," टकर नावाचा मुलगा म्हणाला. कोरीनने तेही लिहिलं, तितक्याच मोठ्या अक्षरांत. डेल्मरने समाधानाने मान हलवली.

"आता दोन्ही तपासू. एकाच पुराने सगळं वाहून आणलं असेल तर शिंपले कसे सापडायला हवेत?"

"सगळे मिसळलेले. चिखलात पसारा होतो तसे."

"आणि हमरस्त्यासाठी डोंगर कापलाय, तिथे कसे दिसतात?"

मुलं त्या रस्त्याने रोज येत-जात. "थराथरांनी," कुणीतरी म्हणालं. "खालच्या थरात वेगळे, वरच्या थरात वेगळे."

"देवाने मुद्दाम तसे रचले असतील," टकर म्हणाला.

"असतील. पण मग थर सापडले तरी ते खरं आणि पसारा सापडला तरी खरं. कुठल्याच दगडाने जे खोटं ठरू शकत नाही, ते मला इथे तपासता येत नाही."

"म्हणजे पूर बाद. खोडू का, बाई?" टकरने विचारलं.

दोनचार मुलं हसली. मागे खुर्च्या कुरकुरल्या. "विज्ञानाच्या तासाचा नियम तोच आहे," कोरीन सावकाश म्हणाली. "जे तपासात टिकत नाही ते खोडायचं. मग ते सांगणारा कितीही मोठा असो."

टकरने फडकं उचललं आणि महापूर पुसला.

तेवढ्यात लिआनाचा आवाज आला. अगदी हळू, पण हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू गेला.

"बाई, मला माझी आई स्वर्गात पुन्हा भेटेल. हेही फळ्यावर लिहायचं का?"

टकरने फडकं खाली ठेवलं. कोरीनचे डोळे भरून आले होते.

"नाही, बाळ," ती म्हणाली. "ते मी इथे कधीच लिहिणार नाही."

लिआना उठून बाहेर गेली. डेल्मर तिच्यामागे धावणार, तोच ब्रदर हॉलिसनी त्याचा दंड धरला. "घटकाभर रडू दे तिला. तू माझ्याबरोबर पायरीवर बस."

"कोरीनने मुद्दाम केलं हे," डेल्मर बाहेर येताच म्हणाला.

"कोरीनने तू सांगितलंस तेच केलं. तू म्हणालास, आपली श्रद्धा विज्ञानाच्या तासाला बसव. अरे, ज्या फळ्यावर लिहितात त्याच्याच शेजारी फडकंही असतं. दगडांची, शेपट्यांची गोष्ट पुसली गेली तर काही बिघडत नाही, उद्या जास्त खरी लिहिता येते. विज्ञान त्यावरच तर चालतं. पण तुझ्या पोरीची आशा तिथे कशाला मांडतोस?"

"पण तिथे देव नाही असं शिकवत असतील तर?"

"विचारलंस कधी कोरीनला? मी विचारलं. ती म्हणाली, देव आहे की नाही हे माझ्या दगडांना ठाऊक नाही, म्हणून मी बोलत नाही." म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मरणाऱ्या माणसांच्या उशाशी मी आयुष्यभर बसलोय, डेल्मर. पृथ्वीचं वय किती, असं एकानेही विचारलं नाही. ऱ्होडाने विचारलं का? आणखी सांगतो. आज मंडळावर तू आहेस. उद्या वेगळ्या मताचे लोक निवडून येतील. आपल्या लेकरांनी काय मानावं हे मतदानावर सोडणार आहेस?"

डेल्मर बुटाच्या टोकाने पायरीवरची माती खरवडत राहिला.

"एक विचारू? ऱ्होडा गेल्यापासून तू लिआनाशी तिच्याबद्दल कितीदा बोललास?"

डेल्मरने मान खाली घातली. एकदाही नाही. ऱ्होडाचं नाव निघालं की तो दुकानात निघून जायचा. जे काम त्याला घरी जमलं नव्हतं, ते करायला तो शाळेला कायद्याने भाग पाडत होता!

लिआना गाडीत बसली होती. डेल्मर शेजारी बसला, पण त्याने गाडी सुरू केली नाही. "तुझ्या आईला गाताना सूर सापडत नसे," तो म्हणाला. "तरी चर्चमध्ये सगळ्यांत मोठ्याने गायची. मी कोपराने ढोसलं, तर म्हणायची, देवाने दिलाय तसा आवाज परत करतेय."

लिआना रडता रडता हसली. मग तिने विचारलं, "उत्क्रांती खरी असली तर आई पुन्हा भेटणं खोटं ठरतं का, डॅडी? मला एवढंच कळत नव्हतं. विचारायचं तर तुमचा चेहरा..."

"नाही गं," तो म्हणाला. "तसं काही ठरत नाही. आणि माझ्या चेहऱ्याला घाबरू नकोस. विचारत जा."

मतदानाच्या दिवशी शाळेच्या व्यायामशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. डेल्मर उठला आणि त्याने ठराव मागे घेतला.

"घाबरलास का कोर्टाला?" मागून कुणीतरी ओरडलं.

"नाही. मी देवाला मानतो, कालही आणि आजही. म्हणूनच त्याची चाचणी शुक्रवारी घ्यायला मी कुणाला सांगणार नाही. ॲशबीबाईंना विज्ञान शिकवू द्या. देवाबद्दल माझ्या मुलीशी मी बोलेन. ते माझं काम होतं आणि मीच ते टाळत होतो."

टाळ्या थोड्याच वाजल्या. बरीच माणसं उठून निघून गेली, आणि काही जण अजूनही टायर बदलायला शेजारच्या गावी जातात. डेल्मर त्यांना दोष देत नाही. मतदानाच्या महिनाभर आधी तोही त्यांच्याच बाजूला उभा होता.

मंडळी, तुमचं गाव कुठलंही असो आणि देव कुठलाही असो, हा प्रश्न कधी ना कधी तुमच्या शाळेच्या दारात येईल. तेव्हा एवढं लक्षात असू द्या. विज्ञानाच्या वर्गात तेच शिकवावं, जे तपासता येतं आणि चुकलं तर खोडता येतं, कारण मुलांना प्रश्न विचारायला शिकवण्याची ती जागा आहे. श्रद्धेला तिथे नेऊन बसवलं तर विज्ञान लंगडं होतं आणि श्रद्धेची अब्रूही जाते. ती द्यायची असेल तर स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या वागण्याने, स्वतःच्या घरात द्यावी. त्याला ठराव लागत नाही. मात्र लेकरांजवळ बसावं लागतं.