जुन्या मापाचा कोट

मास्तरांनी शेवटच्या बटणाचा दोरा दाताने तोडला, तेवढ्यात गाडीने असा गचका दिला की सुई बोटात शिरता शिरता राहिली.

“अगं, वळताना सांगत जा की!”

“दोन वेळा सांगितलं. तुमचं लक्ष सगळं त्या कोटात,” पुढून बायको म्हणाली.

तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई ती. मास्तरांना सायकलपलीकडे काही चालवता येत नव्हतं. त्यामुळे म्हातारपणी घेतलेल्या या घरवजा गाडीत पुढची सीट तिची आणि मागचं टेबल त्यांचं, अशी वाटणी न भांडता झाली होती. दोन बिछाने, एक शेगडी, हातभर न्हाणीघर आणि मास्तरांचं शिवणयंत्र. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर! टेबल खाली पाडलं की तिसरा बिछाना व्हायचा. त्याच्या उशीचा अभ्रा मास्तरांनी घर सोडण्याआधीच शिवून ठेवला होता.

देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं आणि वाटेत जुनी माणसं भेटत जायची, असा बेत. दोन आठवडे झाले होते. बायकोच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकेने चार दिवस राहायचा आग्रह केला, मास्तरांच्या शिलाईच्या दुकानाला अस्तर पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने नातवंडांची ओळख करून दिली. मास्तर सगळीकडे हसले, जेवले आणि दुसऱ्या सकाळी बूट घालून दारात उभे. बायको चिडवायची, “गाडी मी चालवते आणि घाई तुम्हाला!” पण घाई कसली आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. बाकीची घरं वाटेवर होती म्हणून घेतली होती. जायचं होतं ते इंचीकडे.

इंची कापड कापायचा आणि मास्तर शिवायचे. एकाच दुकानात, समोरासमोर, एकतीस वर्षं. गळ्यातली टेप तो स्वतःच्या लग्नातही काढायला विसरला होता, तेव्हापासून हे नाव चिकटलं. दुकान बंद केलं की गाडी घेऊन देश पालथा घालायचा, हे दोघांचं ठरलेलं. मग इंची मुलीकडे राहायला गेला आणि दर वर्षी फोनवर एकच वाक्य व्हायचं, “पुढच्या वर्षी नक्की.” कधी हा म्हणायचा, कधी तो. अशी अकरा वर्षं गेली. आता पुढे डोंगरांतला थंडीचा रस्ता होता, आणि इंचीसाठी शिवलेला कोट तयार होता. कोट अंगात घातला की हा नाही म्हणायचाच नाही, असा मास्तरांचा हिशेब. इंचीचं माप विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. छाती चव्वेचाळीस, डावा खांदा पाव इंच खाली. झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं.

इंचीच्या मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार तिनेच उघडलं. तिच्यामागे भिंतीला हात लावून एक लहानखुरा म्हातारा उभा होता. हाच तो, हे कळायला मास्तरांना एक क्षण लागला, आणि त्या क्षणाची त्यांना फार लाज वाटली.

“अरे मास्तर! पोट बघ केवढं सुटलंय तुझं!” इंची म्हणाला. आवाज मात्र तोच होता.

कॉफी झाली. एकेका गिऱ्हाइकाची आठवण निघाली. तीन वेळा कॉलर उसवायला लावणारा दातांचा डॉक्टर निघाला आणि दोघे डोळ्यांत पाणी येईतो हसले. स्वयंपाकघरात मुलगी मास्तरांच्या बायकोला हळू आवाजात सांगत होती, की बाबा सहा महिन्यांत जिना उतरलेले नाहीत, आणि डॉक्टरही आता पथ्य सांगत नाहीत.

मास्तरांनी कोट उलगडला. इंचीने आधी अस्तर पाहिलं, मग बगलेच्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

“डावा खांदा उतरता ठेवलास.”

“मग? विसरेन होय?”

मास्तरांनी त्याला कोट चढवला. खांदे दंडावर उतरले, बाह्यांनी बोटं गिळली. समोरच्या बाजू एकमेकींवर वीतभर चढल्या.

“तासाभराचं काम,” मास्तर घाईने म्हणाले. “यंत्र खाली गाडीतच आहे. आत घेतो. उद्या सकाळी निघू. तिसरा बिछाना आहे, तुझ्यासाठी अभ्रा पण...”

“उसवायचं नाही.” इंचीने दोन्ही हातांनी कोट धरून ठेवला. “आत घेतलास आणि मी पुन्हा भरलो, तर काय घालू? पुढच्या वर्षी येतो मी. नक्की.”

अकरा वर्षं हे वाक्य किती सहज बोललं गेलं होतं! निघायला हवं होतं तेव्हा दोघांचेही पाय धड होते.

“बरं,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी.”

“पण मग तुझा कोट माझ्याकडे लागला. उभा राहा. वहिनी, तुम्ही लिहून घ्या.”

मुलीने कपाटातून टेप काढून दिली. मास्तरांच्या बायकोने पर्समधून गाडीची वही काढली. मापं घेताना लिहिणाऱ्याने आकडा मोठ्याने परत म्हणायचा, म्हणजे चूक राहत नाही, हा दुकानाचा नियम तिला तोंडपाठ होता.

“खांदा अठरा.”

“अठरा.”

“छाती अडतीस.”

ती थांबली. मास्तरांच्या शर्टाचं आजचं माप तिला माहीत होतं; अडतीस हे दुकानातल्या दिवसांचं होतं. इंची टेपकडे बघतच नव्हता. हातात टेप होती आणि नजर खिडकीतून खाली उभ्या गाडीवर.

“अडतीस,” ती म्हणाली.

इंचीने मास्तरांच्या कमरेभोवती हात घातले. टेपची टोकं जुळवायला तो इतका जवळ आला की नव्या कोटाच्या कापडाचा वास मास्तरांच्या नाकात शिरला.

“कंबर बत्तीस.”

मास्तरांनी श्वास रोखला, पोट जमेल तेवढं आत ओढलं आणि बायकोकडे पाहिलं.

“बत्तीस,” ती स्पष्ट आवाजात म्हणाली, आणि अगदी सावकाश लिहू लागली.